किटमधून वाघिणी आणि सवारी डबे बांधताना : आधी क्रमांक ठरवावा, मग बाटली उघडावी

रूळजोड (धागालेखक)

ब्रिटिश मालगाड्यांच्या वाघिणींच्या लहान प्रतिकृतींचे प्लास्टिक किट पहिल्यांदाच हाती घेणारे बहुतेक जण विचारतात, की पेटीतले कोणते भाग आधी चिकटवावेत. त्याआधी दुसरा प्रश्न स्वतःला विचारावा असे मला वाटते : आपण नेमकी कोणती वाघीण बांधणार आहोत? ‘सोळा टनी कोळशाची वाघीण’ एवढे उत्तर पुरेसे नाही. ज्या वाघिणीचा क्रमांक आपण बाजूच्या पत्र्यावर लावणार आहोत ती वाघीण, आणि ज्या वर्षी ती आपल्या रुळांवर धावणार ते वर्ष, या दोन गोष्टी ठरल्या की ब्रेकचा प्रकार, दारांची संख्या, रंग आणि गंज यांचे निर्णय त्यामागून आपोआप येतात. ज्यांनी हे आधी ठरवले नाही त्यांचे काम कितीही सफाईदार असले, तरी ती वाघीण कुठलीच राहत नाही.

उदाहरणासाठी ही सोळा टनी पोलादी वाघीणच घेऊ, कारण तिचे किट सहज मिळते. एअरफिक्सने काढलेल्या किटचे साचे पुढे डापोलकडे गेले, आणि पार्कसाइडची मालिका आज पेकोच्या नावाने विकली जाते. मूळ वाघिणी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ब्रिटनच्या युद्धवाहतूक मंत्रालयासाठी बनू लागल्या आणि १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने तोच आराखडा पुढे चालवला. एकूण संख्या दोन लाखांच्या वर गेली. इतक्या मोठ्या संख्येत सगळ्या सारख्या असणे शक्यच नव्हते. काहींचा पत्रा रिव्हेट मारून जोडलेला आहे, काहींचा वेल्डिंगने; काहींच्या बाजूच्या दारावर आणखी एक लहान झडप आहे, काहींच्या नाही. फ्रान्सच्या रेल्वेसाठी बनलेल्या आणि नंतर ब्रिटनने परत घेतलेल्या वाघिणींना तर टोकाचे दारच नाही, आणि त्यांची बाजूची दारे कपाटासारखी दोन फळ्यांत उघडतात. त्यांच्यापैकी एखादीचा क्रमांक टोकाला दार असलेल्या वाघिणीवर लावला, तर जाणकाराला ते लांबूनच खटकते.

बाजूवरची तिरकी पांढरी पट्टी ही शोभेची रेघ नाही. टोकाचे दार कोणत्या बाजूला आहे हे उतरवून घेणाऱ्या कामगाराला दुरून कळावे म्हणून ती असते, आणि तिचे वरचे टोक त्या दाराकडे असते. हे दार वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेले असते, आणि वाघिणीचे दुसरे टोक उचलले की कोळसा त्यातून खाली ओतला जातो. म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच टोकाकडे चढत गेल्या पाहिजेत. एका बाजूची चिकटचित्रे लावून वाघीण फिरवली की हात सवयीने तीच दिशा पुन्हा धरतो, तेव्हा त्या क्षणी थांबून दार पाहावे.

आता मापे. ओओ या ब्रिटनमध्ये रूढ प्रमाणात एका फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६.२. मूळ वाघिणीची बफर वगळता लांबी १६ फूट ६ इंच असल्याने प्रतिकृती ६६ मिमी भरते, आणि दोन आसांमधले ९ फुटांचे अंतर ३६ मिमी होते. किट उघडल्यावर ही दोन मापे कॅलिपरने तपासावीत. रुळांची रुंदी मात्र या प्रमाणात जुळत नाही. १४३५ मिमीच्या रुळांना १८.८३ मिमी हवेत आणि ओओमध्ये ते १६.५ मिमी असतात, त्यामुळे चाके किंचित आत गेल्यासारखी दिसतात. ज्यांना हे सहन होत नाही ते १८.२ मिमीच्या ईएमकडे किंवा १८.८३ मिमीच्या पी-फोरकडे वळतात. सुरुवात ओओमध्येच करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

बांधणीत सर्वांत जास्त वेळ खालच्या सांगाड्याला द्यावा, आणि सांगाड्यात ब्रेकला. तरफ लावताना एक नियम कधीही विसरू नये : वाघिणीच्या कोणत्याही बाजूला तोंड करून उभे राहिले, तरी ब्रेकची तरफ उजव्या हाताच्या टोकाला असते. म्हणजे दोन्ही तरफा वाघिणीच्या एकाच टोकाला येत नाहीत, त्या कर्णाच्या दोन टोकांना येतात. मॉर्टन पद्धतीच्या दोन गुटक्यांच्या ब्रेकमध्ये गुटके एकाच बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूला केवळ तरफ असते. दोन्ही तरफा खालीच दाबायच्या असल्या, तरी त्या मधल्या आडव्या दांड्याला परस्परविरुद्ध दिशांना फिरवतील, म्हणून एका बाजूला गती उलटवणारा क्लच बसवलेला असतो. किटमधला तो इवलासा गोल भाग म्हणजे हाच क्लच, आणि त्याची जागा ठरलेली आहे. उलट, तळाला दारे असलेल्या जुन्या लाकडी वाघिणींत आडवा दांडा दारांच्या आड आला असता, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना स्वतंत्र गुटके आणि स्वतंत्र तरफ असते आणि मधला दांडा नसतोच. हे एकदा समजले की सूचनापत्रातील धूसर आकृतीवर विसंबून राहावे लागत नाही.

नेरळची_गाडी

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझ्या मुलीने आणि मी मिळून असेच एक किट घेतले आहे. भाग कापून, कानस मारून तयार आहेत, परंतु कोरडे जुळवून पाहिले असता काचेवर ठेवल्यावर चारपैकी एक चाक टेकत नाही. सांगाड्याच्या दोन्ही पट्ट्या गुण्याने तपासल्या, त्या काटकोनात आहेत. चिकटवण्यापूर्वी आणखी काय पाहावे? तसेच रिकामी वाघीण ठेवायची असेल तर वजन कुठे लपवावे?

रूळजोड

चिकटवण्याआधी हे लक्षात आले ही फार चांगली गोष्ट आहे, कारण आता ते पूर्णपणे दुरुस्त होण्यासारखे आहे. गुण्या प्रत्येक पट्टी काटकोनात आहे एवढेच सांगतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर आणि एकाच उंचीवर आहेत का, हे तो सांगत नाही. बहुतेक वेळा दोष पितळी बेअरिंगच्या छिद्रात असतो. ही टोपीच्या आकाराची बेअरिंगे पूर्ण आत बसली नाहीत, तर त्या कोपऱ्यातील आस इतर कोपऱ्यांपेक्षा वेगळी बसते. २ मिमीचे ड्रिल हातात धरून, यंत्राशिवाय, छिद्रातला प्लास्टिकचा कचरा हळूच काढावा आणि बेअरिंगची कड आतल्या पृष्ठभागाशी समतल आली आहे का ते नखाने तपासावे.

त्यानंतर एक पट्टी पूर्ण चिकटवून सुकू द्यावी. दुसरी केवळ टेकवून, २६ मिमीच्या टोकदार आसांसह चाके बसवून, अख्खी जुळणी काचेवर ठेवावी, वरून बोटाने हलके दाबावे आणि चारही चाके काचेला टेकलेली असतानाच ब्रशच्या टोकाने सांध्यात विलायक (प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव) सोडावा. केशाकर्षणाने तो स्वतःच आत ओढला जातो, ओतावा लागत नाही. चाके बोटाने फिरवल्यावर मोकळी फिरली पाहिजेत, आणि आस आडवी जेमतेम जाणवेल इतकीच हलली पाहिजे. चाकांच्या आतल्या कडांमधले अंतरही याच वेळी मोजावे. ओओसाठी ते १४.५ मिमीच्या आसपास असावे, अन्यथा वाघीण सरळ मार्गावर उत्तम चालते आणि मार्ग बदलणाऱ्या सांध्यावर रुळावर चढते.

वजनाबाबत ब्रिटनमध्ये एका आसामागे २५ ग्रॅम हा अंदाज रूढ आहे, म्हणजे आपल्या वाघिणीला ५० ग्रॅम. अमेरिकेतील एनएमआरए या छंदसंघटनेची एचओसाठीची (१:८७.१ प्रमाणासाठीची) शिफारस २८ ग्रॅम अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे १४ ग्रॅम अशी आहे. त्या हिशेबाने ६६ मिमीला सुमारे ६५ ग्रॅम होतात. मी पहिल्या अंदाजाच्या जवळ राहतो, पण गाडीतल्या सगळ्या वाघिणी एकाच अंदाजाने भरतो, कारण हलकी वाघीण जड वाघिणींच्या मध्ये आली की वळणावर तीच आत ओढली जाते. रिकाम्या वाघिणीत शिशाचा पत्रा तळाच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत बसतो. तो इपॉक्सीने चिकटवावा. शिशाच्या गोळ्या पांढऱ्या लाकडी डिंकात भरून ठेवण्याची पद्धत टाळावी; काही वर्षांनी शिशाचा क्षार होऊन ते फुगते आणि सांधे आतून उकलते. शिसे हाताळल्यावर हात धुण्याची सवय मुलीला आत्तापासूनच लावावी.

डाखकाम

मला एका बाबतीत वेगळे मत मांडायचे आहे. काचेवर चारही चाके टेकली म्हणजे वाघीण रुळांवर टेकेल असे नाही, कारण कोणाच्याच घरचा रूळ काचेइतका सपाट नसतो. ज्यांना ईएम किंवा पी-फोरमध्ये जायचे आहे त्यांनी एक आस डुलती ठेवणाऱ्या पितळी कंसांची सवय सुरुवातीपासून करावी. एक आस स्थिर आणि दुसरी मधोमध टेकू घेऊन डावी-उजवीकडे डुलणारी असली, की वाघीण तीन बिंदूंवर उभी राहते आणि चारही चाके नेहमी रुळाला लागतात. पी-फोरच्या चाकाची कड इतकी बारीक असते की यावाचून चालतच नाही. ओओच्या जाड कडेला ते आवश्यक नाही, हे मी मान्य करतो.

मी मुख्यतः कोरीव पितळी किटमधून सवारी डबे बांधतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. फेरिक क्लोराइडने कोरलेल्या पत्र्यावर जिथे घडी घालायची तिथे अर्ध्या खोलीची रेघ असते, आणि नियम असा की ती रेघ घडीच्या आतल्या बाजूला राहते. घडी एकदाच घालावी. पुन्हा उघडून पुन्हा दुमडलेले पितळ तिथेच तुटते. घडी बसली की आतल्या रेघेत डाख ओढून घ्यावा, म्हणजे कोपरा कडक होतो.

इंग्लंडातल्या एलएमएस रेल्वे कंपनीचा ५७ फुटी डबा घ्या. ४ मिमी प्रमाणात तो २२८ मिमी होतो, आणि इतक्या लांब पातळ पत्र्याला खिडक्यांखालची आत वळणारी गोलाई देणे हे सगळ्या कामातले सर्वांत नाजूक पाऊल आहे. पत्रा जुन्या माउसपॅडवर उलटा ठेवावा आणि खालच्या कडेजवळ लांब पोलादी सळई दोन्ही हातांनी समान दाब देत फिरवावी. कागदावर डब्याच्या टोकाचा आकार कापून ठेवून प्रत्येक फेरीनंतर त्याच्याशी पडताळावे. गोलाई डबा जोडण्यापूर्वी द्यायची असते. नंतर तो मार्ग बंद होतो.

डाखाच्या तापमानांचा क्रम मनाशी पक्का असावा. मुख्य सांधे १८८ अंशांच्या डाखाने, त्यांच्या शेजारचे बारीक तुकडे १४५ अंशांच्या डाखाने, आणि व्हाइटमेटल या लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचे ओतीव भाग, म्हणजे पेट्या, बफर, छतावरचे वायुवीजक, ७० अंशांच्या डाखाने जोडावेत. ७० अंशांचा डाख उघड्या पितळेला धरत नाही, म्हणून त्या जागी आधी १४५ अंशांच्या डाखाचा पातळ थर द्यावा लागतो. व्हाइटमेटलसाठी डाख देण्याची, तापमान नियंत्रित करता येणारी इस्त्रीच वापरावी, कारण साध्या इस्त्रीखाली भाग क्षणात वितळून जातो. फॉस्फरिक आम्लाचा फ्लक्स उत्तम काम करतो, पण प्रत्येक बैठकीनंतर डबा कोमट पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुतलाच पाहिजे. सांध्यात राहिलेले आम्ल रंगाखालून हिरवट डाग होऊन वर येते, आणि तोपर्यंत काचा बसलेल्या असतात.

दारांच्या मुठी आणि उभे दांडे मी ०.४५ मिमीच्या पितळी तारेचे करतो. छत काढता येईल असे ठेवावे, हा माझा आग्रह आहे, कारण आसने, प्रवासी आणि काचा हे सगळे रंगकामानंतर बसवायचे असते.

सागवे_बंदर

कोकणात राहून हा छंद करणाऱ्यांना इंग्रजी मासिकांतील सूचनांत काही भर घालावी लागते. पावसाळ्यात लॅकर रंग फवारला की हवेतील बाष्प त्यावर बसते आणि पृष्ठभाग पांढुरका होतो. इनॅमल रंग सुकायला फार वेळ घेतात आणि तोपर्यंत त्यावर धूळ बसते. मी जून ते सप्टेंबर केवळ बांधणी करते आणि फवारणीची सगळी कामे दिवाळीनंतर घेते. मध्येच रंगवणे भाग पडले, तर कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारी बाटली लावावी आणि पाऊस थांबलेली कोरडी दुपार गाठावी.

खिडक्यांच्या काचांसाठी झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट मुळीच वापरू नये. त्याच्या वाफा पारदर्शक प्लास्टिकवर धुके आणतात, आणि दमट हवेत ते आणखी जास्त होते. सुकल्यावर पारदर्शक होणारा पाण्याचा डिंक पुरेसा असतो.

माझा प्रश्न असा : विलायक विमानाने मागवता येत नाही. इथे फलक बनवणाऱ्यांकडे क्लोरोफॉर्म मिळते, तर रसायनांच्या दुकानात बुटानोन मिळते. यांपैकी काय वापरावे? आणि उघड्या वाघिणीच्या बाजू काही महिन्यांनी आत झुकतात, त्यावर उपाय काय?

रूळजोड

ताई, क्लोरोफॉर्म घरात वापरूच नये. ते प्लास्टिक विरघळवते हे खरे, परंतु त्याच्या वाफा यकृताला घातक आहेत आणि बंद खोलीत त्यांचा अंदाज येत नाही. बुटानोन पॉलिस्टायरीनला उत्तम चालते. तेही ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने आणि बाटलीचे बूच एका ब्रशपुरतेच उघडे ठेवावे.

बाजू आत झुकण्याचे कारण हेच विलायक आहे. आतल्या सांध्यात ते जास्त झाले की प्लास्टिक मऊ होते आणि पुढे कित्येक महिने हळूहळू आकसत राहते. त्यामुळे सांध्याला जेमतेम लागेल तेवढेच द्यावे, आणि वाघीण भरलेली दाखवायची असेल तर कोळशाच्या खाली, मध्यावर, आतल्या रुंदीएवढी प्लास्टिकची आडवी पट्टी कायमची बसवावी. रिकाम्या वाघिणीत ती सोय नसते. तिथे बाजू चिकटवण्यापूर्वी बोटांनी किंचित बाहेर वाकवून घ्याव्यात आणि सुकेपर्यंत आत लाकडी ठोकळा ठेवावा.

परळ_यार्ड

सगळी चर्चा ब्रिटिश डब्यांची चालली आहे, म्हणून भारतीय डब्यांसाठी याच पद्धतीचा विचार मांडतो. एचओच्या १:८७.१ प्रमाणात आपल्या १६७६ मिमीच्या रुळांना १९.२ मिमी रुंदी हवी. घरात १६.५ मिमीचेच रूळ असल्याने आपण ओओवाल्यांसारखीच तडजोड करतो, आणि ती करणे योग्यच आहे असे मला वाटते, कारण शरीराची मापे अचूक ठेवता येतात. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या डब्याचे शरीर २१,३३७ मिमी लांब, म्हणजे १:८७.१ मध्ये २४५ मिमी. जर्मन आराखड्याच्या एलएचबी डब्याचे २३,५४० मिमी, म्हणजे २७० मिमी. बॉक्सएन ही उघडी मालवाहू वाघीण कपलरसह १०,७१३ मिमी, म्हणजे १२३ मिमी. बॉक्सएनला बाजूचे बफर नाहीत, मध्यभागी कपलर आहे, म्हणून तिला केडी कंपनीचे नकल कपलर दिसायला आणि चालवायला दोन्ही दृष्टींनी शोभतात. मूळ आयसीएफ डब्याला मात्र बफर आणि स्क्रू कपलिंग हवे.

‘आधी क्रमांक’ हा नियम इथे विशेष लागू पडतो. पाच अंकी क्रमांक असलेल्या आयसीएफ डब्याचे पहिले दोन अंक बांधणीचे वर्ष सांगतात, म्हणून वीट-लाल रंगाच्या डब्यावर निळ्या रंगाच्या काळात बांधलेल्या डब्याचा क्रमांक घालता येत नाही. अक्षरसंकेतही तपासावेत : डब्ल्यूजीएससीएनमध्ये डब्ल्यू म्हणजे डब्यांमधून जाण्याची वाट असलेला, जी म्हणजे आसावरून स्वतःची वीज निर्माण करणारा, आणि एससीएन म्हणजे तीन थरांचा शयनयान.

माझ्या मनात १९३० च्या दख्खनच्या राणीचे डबे आहेत. त्यांचे सांगाडे इंग्लंडात बनले आणि शरीरे जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कार्यशाळेत. दोन गाड्या होत्या, प्रत्येकी सात डब्यांच्या. एक चंदेरी रंगाची, लाल पट्ट्यांची, दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. तयार किट नाही, म्हणून बाजूंचे पत्रे स्वतः आरेखून कोरून घेण्याचा विचार आहे. सल्ला मिळाला तर आभारी राहीन.

डाखकाम

हे काम झालेच पाहिजे. आरेखन करताना एक सूचना : खिडक्यांच्या खाली सरकणाऱ्या चौकटी वेगळ्या पत्र्यात ठेवा आणि मागून डाख देऊन बसवा. मूळ डब्यातही त्या बाहेरच्या पृष्ठभागापासून आत असतात, आणि एकाच पत्र्यात कोरल्या तर ती खोली दिसत नाही. पहिल्यांदा एकाच डब्याच्या दोन बाजू कोरून घ्या, त्या पूर्ण बांधून पाहा, आणि मगच उरलेल्या सहांचे पत्रे मागवा.

रूळजोड

रंगाबाबत एक मुद्दा जोडतो. त्या काळातील अनेक कृष्णधवल फिल्म लाल रंगाला फारशा संवेदनशील नसत. त्यामुळे छायाचित्रात लाल पट्टी जवळजवळ काळी आणि निळा भाग अपेक्षेपेक्षा फिकट दिसू शकतो. चंदेरी गाडीच्या पट्ट्या छायाचित्रात गडद दिसल्या म्हणून त्या काळ्या रंगवू नयेत.

छताचा रंगही वर्षावर अवलंबून ठेवावा. जुन्या ब्रिटिश डब्यांची छते शिशाच्या पांढऱ्या रंगाने रंगवून कार्यशाळेबाहेर पडत आणि धुराने लवकरच करडी होत. तुमची गाडी १ जून १९३० च्या पहिल्या फेरीतली असेल तर छत स्वच्छ ठेवावे, काही वर्षांनंतरची असेल तर काजळी द्यावी. मात्र पुणे–मुंबई मार्गावर विजेची इंजिने आली होती, म्हणून ती काजळी वाफेच्या गाडीइतकी दाट नसावी.

सोळा टनी वाघिणीच्या आतल्या भागासाठीही हेच. कोळसा घासून आतला रंग उडतो, म्हणून आत आधी गंजाच्या तपकिरी छटा द्याव्यात, त्यांवर जागोजागी मास्किंगचा द्रव स्पंजने टिपावा, मग करडा रंग फवारून सुकल्यावर तो द्रव चोळून काढावा. कडा खरोखर उखडल्यासारख्या दिसतात. इंजिनावरून चालणारा ब्रेक नसलेल्या, म्हणजे केवळ हाताच्या ब्रेकच्या वाघिणींना करडा रंग, आणि व्हॅक्यूम ब्रेक असलेल्यांना तांबूस तपकिरी, हा ब्रिटिश रेल्वेचा भेद पाळावा. अक्षरे लावण्यापूर्वी चकचकीत वॉर्निशचा थर द्यावा, कारण खरबरीत रंगावर पाण्याच्या चिकटचित्राखाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसते. अक्षरे बसल्यावर निस्तेज वॉर्निशने सगळे एकसारखे करावे.

नेरळची_गाडी

बेअरिंगच्या छिद्रात प्लास्टिकचा पापुद्रा होता. तो काढल्यावर चारही चाके टेकली. मुलीने ‘बी’ने सुरू होणारा एक क्रमांक निवडला आहे आणि तिला टोकाच्या दाराचे छायाचित्र सापडले आहे. त्यात बाजूच्या दारावर वरची झडप दिसत नाही, पण किटमध्ये ती आहे. ती कापून समतल करावी, की दुसरा क्रमांक शोधावा?

रूळजोड

क्रमांक तिने निवडला आहे, तर तो ठेवावा. झडपेच्या बिजागऱ्या नव्या पात्याने सपाट कापाव्यात, ४०० आणि मग ८०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासावे, आणि झडपेची रेघ पुटीने भरावी. आतल्या बाजूची रेघही भरायला विसरू नये. वाघीण रिकामी ठेवणार असल्याने ती वरून दिसेल.